द्रवस्फटिकांच्या सेलसाठी पॉलिमरचा थर: लेपन, भाजणी आणि घासणी

एलसीडीच्या दोन काचांमध्ये भरलेल्या नेमॅटिक द्रवस्फटिकाचे रेणू एकमेकांना समांतर राहतात, परंतु कोणत्या दिशेला समांतर राहायचे हे ते स्वतः ठरवत नाहीत. ते ठरवतो काचेवरचा पॉलिमरचा थर, ज्याची जाडी साधारण ५० ते १०० नॅनोमीटर असते. त्यावरून मखमलीचे कापड एकाच दिशेने फिरवले की त्या थराला दिशा मिळते आणि काही मायक्रोमीटर जाडीचे संपूर्ण द्रव त्या दिशेला वळते. मुंबईतल्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेत, स्वच्छ कक्ष नसतानाही, चाचणीपुरता एक चौरस सेंटिमीटरचा एकसंध सेल, म्हणजे मध्ये द्रवस्फटिक भरलेली दोन काचांची जोडी, तयार करता येतो. तो कसा करावा याची पद्धत येथे दिली आहे. तिच्यातला बहुतेक वेळ तयारीत जातो आणि प्रत्यक्ष घासणी मिनिटभरात संपते. तरीही सेल बिघडतो तो बहुधा या दोहोंपैकी तयारीमुळेच.

पॉलिमर कोणता घ्यावा

नवशिक्यापुढे दोन पर्याय असतात. पहिला पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, म्हणजे पीव्हीए. तो पाण्यात विरघळतो, स्वस्त आहे आणि त्याला विषारी द्रावक लागत नाही. डिआयोनाइज्ड पाण्यात वजनाने १ टक्का पीव्हीए घालून ते ८० ते ९० अंश सेल्सिअसला पूर्ण विरघळेपर्यंत ढवळावे आणि थंड झाल्यावर ०.४५ मायक्रोमीटरच्या गाळणीतून गाळून घ्यावे. त्याची उणीव अशी की घासलेल्या पीव्हीएवर रेणू पृष्ठभागाला जवळजवळ पूर्णपणे समांतर झोपतात, म्हणजेच प्रीटिल्ट (रेणूंचा पृष्ठभागाशी असलेला कोन) शून्याच्या आसपास राहतो. नुसत्या प्रकाशीय निरीक्षणासाठी हे चालते, परंतु विद्युतदाब दिल्यावर काही रेणू एका बाजूने उठतात तर काही विरुद्ध बाजूने, आणि दोन्ही गटांच्या सीमेवर वेड्यावाकड्या रेषा उमटतात.

दुसरा पर्याय पॉलिइमाइडचा, जो उद्योगात प्रत्यक्ष वापरला जातो. तो बहुधा पॉलिअमिक आम्लाच्या रूपात, एन-मिथाइल पायरोलिडोन म्हणजे एनएमपी या द्रावकात विरघळवलेला मिळतो. काचेवर पसरवून तापवला की रेणूतून पाणी निघून जाते, कडी बंद होते आणि इमाइड तयार होते. पॉलिमरच्या बाजूच्या साखळ्या कशा आहेत यावर प्रीटिल्ट ठरतो. ट्विस्टेड नेमॅटिक पडद्यांसाठी, म्हणजे ज्यांत रेणूंची दिशा एका काचेपासून दुसरीपर्यंत पिळत जाते त्यांच्यासाठी, तो काही अंशांचा ठेवतात. लांब बाजू-साखळ्यांचे प्रकार मात्र रेणूंना थेट उभे करतात आणि ते व्हर्टिकल अलाइनमेंटच्या पडद्यांसाठी असतात. खरेदी करताना हा फरक विचारून घ्यावा, कारण दोन्ही बाटल्यांतले द्रव दिसायला सारखेच असते. एनएमपी प्रजननक्षमतेला आणि गर्भाला घातक आहे. ते धुरकक्षातच हाताळावे, ब्युटाइल रबराचे हातमोजे घालावेत आणि गर्भवती विद्यार्थिनीला किंवा सहकाऱ्याला या टप्प्यापासून दूर ठेवावे.

माझा सल्ला असा की पहिले दोन-तीन सेल पीव्हीएचे करावेत आणि हात बसल्यावर पॉलिइमाइडकडे वळावे. महागडी बाटली आधी उघडून, काच धुण्यातल्या चुका तिच्यावर शोधत बसण्यात अर्थ नाही.

काच

इंडियम टिन ऑक्साइडचा, म्हणजे आयटीओचा, पारदर्शक वाहक थर असलेली काच घ्यावी. वाहक बाजू डोळ्यांनी ओळखू येत नाही. मल्टिमीटरची दोन टोके हलकेच टेकवल्यावर ज्या बाजूला काही दहा किंवा शंभर ओहमचा रोध दिसतो ती आयटीओची बाजू. विरुद्ध बाजूच्या कोपऱ्यात हिऱ्याच्या लेखणीने एक छोटा बाण कोरून ठेवावा. घासणीची दिशा नंतर याच बाणावरून ओळखायची असते आणि घासून झालेल्या काचेवर ती पाहून कळत नाही. कोरताना उडालेला काचेचा चुरा धुण्यात निघून जावा म्हणून हे काम धुण्याआधी उरकावे.

धुण्याचा क्रम असा: सौम्य डिटर्जंटचे पाणी, डिआयोनाइज्ड पाणी, ॲसिटोन, आयसोप्रोपिल अल्कोहोल, प्रत्येकात अल्ट्रासोनिक टाकीमध्ये सुमारे १० मिनिटे. त्यानंतर कोरडा नायट्रोजन फुंकून १२० अंशांवर वाळवावे आणि सोय असल्यास १५ मिनिटे यूव्ही-ओझोन द्यावा. काच खरोखर स्वच्छ झाली का हे पाहण्याची सोपी परीक्षा म्हणजे जास्तीच्या एका तुकड्यावर तोंडाची वाफ सोडणे. वाफ एकसारख्या राखाडी पडद्यासारखी बसली आणि एकसारखी उडाली तर काच चांगली आहे. ठिपके किंवा बोटांचे ठसे उमटले तर पुन्हा पहिल्या पायरीवर यावे. घामट हातांचा प्रश्न मुंबईत वर्षातले बरेच महिने असतो आणि घामातले क्षार द्रवस्फटिकात उतरले की त्याची वाहकता वाढते, म्हणून धुतलेली काच चिमट्यानेच आणि कडेलाच धरावी.

लेपन आणि मुंबईची हवा

स्पिन कोटरवर काच ठेवून तिच्यावर द्राव पूर्ण पसरेल इतका सोडावा, पाच सेकंद सुमारे ५०० फेरे प्रतिमिनिट आणि नंतर ३० सेकंद सुमारे ३,००० फेरे प्रतिमिनिट असा वेग द्यावा. थर जाड झाला तर वेग वाढवण्यापेक्षा द्राव पातळ करणे अधिक परिणामकारक ठरते. पीव्हीएच्या काचा त्यानंतर १०० ते ११० अंशांवर अर्धा ते एक तास भाजाव्यात. पॉलिइमाइडच्या काचा आधी ८० अंशांच्या हॉट प्लेटवर एक-दोन मिनिटे ठेवून द्रावक उडवावा आणि मग १८० ते २३० अंशांवर तासभर भाजाव्यात. नेमके तापमान पुरवठादाराच्या पत्रकाप्रमाणेच घ्यावे, कारण काही प्रकार आधीच इमाइड झालेले असतात आणि त्यांना कमी तापमान पुरते.

जून ते सप्टेंबर या काळात मात्र पॉलिइमाइडचे काम या शहरात सहजासहजी जमत नाही. एनएमपी हवेतली आर्द्रता झपाट्याने शोषते, आणि फिरणाऱ्या काचेवरच्या पातळ थरात पुरेसे पाणी शिरले की पॉलिमर द्रावातून बाहेर पडू लागतो. थर दुधाळ, ढगाळ दिसतो आणि नंतर कितीही भाजला तरी सुधारत नाही. वातानुकूलित खोलीत आर्द्रतारोधक यंत्र लावून सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांखाली आणावी, हॉट प्लेट स्पिन कोटरच्या अगदी शेजारी ठेवावी आणि चकती थांबल्याबरोबर काच तिच्यावर न्यावी. याहूनही अधिक नुकसान बाटलीत होते. पॉलिअमिक आम्लाची बाटली फ्रिजमध्ये किंवा त्याहून थंड जागी ठेवतात. ती बाहेर काढून लगेच उघडली तर पावसाळी हवेतले पाणी थंड द्रावावर जमते आणि पॉलिमरच्या साखळ्या हळूहळू तुटू लागतात. बाटली बंद अवस्थेतच काही तास खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, आणि शक्य असल्यास पहिल्याच दिवशी तिच्यातला द्राव छोट्या कुप्यांत भरून ठेवून दर वेळी एकच कुपी उघडावी. पीव्हीएला दमट हवेचा एवढा जाच नाही, परंतु भाजलेला थरही ओलावा धरतो, म्हणून घासणी होईपर्यंत काचा डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी राखणाऱ्या बंद भांड्यात, ठेवाव्यात.

घासणी

घासल्याने नेमके काय होते याबद्दल एक समज अजूनही टिकून आहे. कापडामुळे पृष्ठभागावर बारीक चऱ्या पडतात आणि रेणू त्या चऱ्यांत आडवे पडतात, असा तो समज. घासलेल्या काचेवर द्रवस्फटिक एका दिशेला लागते हे शार्ल मोगँ यांनी १९११ मध्येच नोंदवले होते, आणि चऱ्यांमुळे लवचिक ऊर्जा कशी वाचते याचे गणित ड्वाइट बेरेमन यांनी १९७२ मध्ये मांडले. ते गणित चुकीचे नाही. खोल चऱ्या मुद्दाम पाडलेल्या पृष्ठभागावर ते लागू पडते. परंतु घासलेल्या पॉलिमरवर मुख्य काम दुसरीच गोष्ट करते: कापडाच्या ओढीने थराच्या अगदी वरच्या काही नॅनोमीटरमधल्या पॉलिमरच्या साखळ्या घासणीच्या दिशेने ताणल्या जातात आणि द्रवस्फटिकाचे रेणू त्या साखळ्यांशी जुळवून घेतात. १९९० च्या दशकात क्ष-किरण पृष्ठभागावरून अगदी तिरके सोडून केलेल्या मोजमापांतून ही वरच्या थरातली दिशा थेट दिसली. घासलेल्या पॉलिस्टायरिनवर तर द्रवस्फटिक घासणीच्या दिशेला काटकोनात लागते, कारण तेथे साखळीच्या बाजूला असलेली बेंझिनची कडी रेणूंना वळवतात. केवळ चऱ्यांनीच सारे ठरत असते तर असे घडले नसते.

प्रयोगाच्या दृष्टीने यातून निघणारा अर्थ सरळ आहे. जोर लावून ओरखडे पाडायचे नसून पृष्ठभागाच्या प्रत्येक बिंदूवरून पुरेशा लांबीचे स्वच्छ कापड, सारख्या दाबाने, एकाच दिशेने जाईल असे पाहायचे आहे. डोळ्यांना दिसणारा ओरखडा म्हणजे सेलमधली प्रकाशगळती होय.

कापड रेयॉनचे किंवा सुती मखमलीचे घ्यावे, लव आखूड आणि दाट असावी. मंगलदास मार्केटमध्ये मखमल भरपूर मिळते, पण पडद्यांसाठीची चमकदार मखमल बहुधा पॉलिएस्टरची असते आणि तिच्यावर रंग व खळ दोन्ही असतात. रंग न दिलेले कापड मागावे आणि एक धागा जाळून पाहावा: रेयॉन व सूत कागदासारखा वास देत जळतात आणि भुरभुरीत राख ठेवतात, तर पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. विकत आणलेले कापड गरम पाण्यात डिटर्जंटने धुऊन, डिआयोनाइज्ड पाण्यात अनेकदा खळबळून, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलमधून काढून धूळ नसलेल्या जागी वाळवावे. खळ राहिलेल्या कापडाने घासले तर खळीचाच एक थर पॉलिमरवर बसतो आणि मग दोष कशाचा आहे हे कळेनासे होते. वाळलेल्या मखमलीवरून बोट फिरवून लव कोणत्या बाजूला पडते ते पाहावे आणि कापड नेहमी त्याच बाजूने वापरावे.

घासणीचे यंत्र असल्यास त्यात मखमल गुंडाळलेला ढोल फिरत असतो आणि त्याच्याखालून काचेचा पाट सरकतो. घासणी किती झाली हे मोजण्याची रूढ रीत म्हणजे एका बिंदूवरून किती लांबीचे कापड गेले ते काढणे. त्यासाठी फेऱ्यांची संख्या, कापड व काच यांच्या संपर्काची लांबी, आणि ढोलाच्या परिघाचा वेग भागिले पाटाचा वेग, या तिन्हींचा गुणाकार करावा. नेमक्या सूत्रात त्या भागाकारात एक मिळवतात किंवा वजा करतात, पण व्यवहारात त्याने फारसा फरक पडत नाही. उदाहरणार्थ, ढोलाची त्रिज्या ४० मिलिमीटर आणि वेग ६०० फेरे प्रतिमिनिट असेल तर परिघ सेकंदाला सुमारे २.५ मीटर धावतो. पाट सेकंदाला १० मिलिमीटर सरकत असेल तर हे गुणोत्तर सुमारे २५० येते. लव ०.३ मिलिमीटर दबत असेल तर संपर्काची लांबी सुमारे १० मिलिमीटर असते आणि दोन फेऱ्यांत प्रत्येक बिंदूवरून जवळपास ५ मीटर कापड जाते. येथे एक गफलत फार सहज होते: थराला लागणारी दिशा ढोलाच्या लवेची असते, पाटाची नव्हे. पाट उलट दिशेने सरकवला तरी ढोल त्याच बाजूला फिरत असेपर्यंत घासणीची दिशा तीच राहते.

यंत्र नसेल तर ५ सेंटिमीटर लांबीचा सपाट, जड धातूचा ठोकळा घेऊन त्याभोवती मखमल ताणून बांधावी. एका सरळ पट्टीच्या आधाराने, ठोकळ्याच्या वजनाव्यतिरिक्त हाताचा दाब न देता, तो काचेवरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ओढावा, उचलून परत आणावा आणि पुन्हा ओढावा. परत आणताना तो काचेला टेकला तर उलट घासणी होते, हे वेगळे सांगायला नको. पण घाईत नेमके तेच होते. अशा एका ओढीत प्रत्येक बिंदूवरून ५ सेंटिमीटर कापड जाते, म्हणजे २० ओढींत एक मीटर. चाचणीच्या सेलला एवढे पुरते. काच बाजूंना तेवढ्याच जाडीच्या टाकाऊ काचा लावून बसवावी, म्हणजे ठोकळा कडेवर आपटत नाही आणि लव तेथे उलटत नाही.

घासणीने पृष्ठभाग विद्युतभारित होतो आणि आसपासची धूळ ओढून घेतो. दमट दिवसांत हा त्रास कमी असतो, पण लेपनासाठी कोरडी केलेली वातानुकूलित खोली त्याला अनुकूलच ठरते. म्हणून आयोनायझर पंखा असेल तर तो वापरावा आणि काच उघडी ठेवू नये. पॉलिइमाइडची काच घासणीनंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकेच धुऊन वाळवता येते. पीव्हीएची काच मात्र धुऊ नये. पाण्याचा एक थेंबही दिशा पुसतो. तिच्यावरून फक्त कोरडा नायट्रोजन फुंकावा. पीव्हीएचे काचसंक्रमण तापमान, म्हणजे ज्याच्या वर तो मऊ पडतो ते तापमान, सुमारे ८५ अंश आहे, त्यामुळे घासल्यानंतर ती त्याच्या जवळपासही तापवू नये.

सेल बांधणे आणि भरणे

पहिला सेल प्रतिसमांतर करावा, म्हणजे दोन्ही काचांच्या लेपित बाजू समोरासमोर आणून त्यांच्या घासणीच्या दिशा एकमेकींच्या विरुद्ध ठेवाव्यात. घासणी ज्या दिशेला जाते त्या टोकाला रेणू किंचित वर उचललेले असतात. दिशा विरुद्ध ठेवल्याने दोन्ही पृष्ठभागांवरचा हा कल एकमेकांशी जुळतो. मध्ये ५ मायक्रोमीटरचे स्पेसर (काचांमधले अंतर राखणारे बारीक कण) यूव्ही गोंदात मिसळून दोन कडांना लावावेत आणि विद्युतजोडणीसाठी काचा एकमेकींपासून थोड्या सरकवून ठेवाव्यात. हलका दाब देऊन, तिरक्या उजेडात दिसणारे रंगीत पट्टे कमीत कमी होईपर्यंत काचा जुळवाव्यात आणि मगच गोंद पक्का करावा.

भरण्यासाठी ५सीबी हे द्रवस्फटिक स्वस्त आहे, परंतु ते सुमारे ३५ अंशांला नेमॅटिक अवस्था सोडून साधे द्रव होते. मे महिन्यातल्या दुपारी, वातानुकूलन नसलेल्या प्रयोगशाळेत, सूक्ष्मदर्शकाच्या दिव्याखाली सेल अचानक काळा पडला तर घासणीला दोष देण्याआधी तापमान पाहावे. ई७ हे द्रवस्फटिकांचे मिश्रण सुमारे ६० अंशांपर्यंत नेमॅटिक राहते आणि आपल्या हवेला तेच योग्य. कोणतेही घेतले तरी ते साध्या द्रव अवस्थेत भरावे: ५सीबी सुमारे ४० अंशांवर आणि ई७ सुमारे ६५ ते ७० अंशांवर. गरम केलेल्या सेलच्या उघड्या कडेला थेंब लावला की तो केशाकर्षणाने आत ओढला जातो. पूर्ण भरल्यावर मिनिटाला एक-दोन अंश या गतीने थंड होऊ द्यावे. नेमॅटिक अवस्थेत भरल्यास प्रवाहाची दिशा पृष्ठभागावर ठसते आणि ती पुसणे अवघड जाते.

तपासणी

ध्रुवक (पोलरायझर) बसवलेला सूक्ष्मदर्शक नसेल तर लॅमिंग्टन रोडवरच्या दुरुस्तीवाल्यांकडून फुटक्या मॉनिटरच्या ध्रुवक पट्ट्या मिळवून दोन पट्ट्या काटकोनात ठेवाव्यात. त्यांच्यामध्ये प्रतिसमांतर सेल फिरवला असता घासणीची दिशा कोणत्याही एका ध्रुवकाच्या दिशेशी जुळताच तो गडद व्हायला हवा आणि ४५ अंशांवर सर्वांत उजळ दिसायला हवा. उजळ अवस्थेतला रंग सर्वत्र सारखा असेल तर काचांमधले अंतर सारखे आहे. गडद अवस्थेत सर्वत्र सारखा काळोख असेल तर दिशा सारखी आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

गडद अवस्थेत घासणीच्या दिशेने जाणाऱ्या बारीक उजळ रेघा दिसल्या तर कापडात कण अडकला आहे किंवा दाब जास्त झाला आहे. भरण्याच्या तोंडापासून पसरत गेलेला पंख्यासारखा आकार भरण्यातली चूक दाखवतो. सेल कोणत्याही कोनाला गडद होत नसेल आणि धाग्यांसारख्या रेषांनी भरलेला असेल तर घासणी पुरेशी झालेली नाही, किंवा खळीने, धुण्याच्या पाण्याने किंवा उष्णतेने दिशा नष्ट झाली आहे. अशा वेळी ओढी दुप्पट करून आणखी एक सेल करावा. सुधारणा झाली नाही तर दोष कापडात किंवा काचेत शोधावा, जोर वाढवू नये. पॉलिइमाइडच्या अनेक प्रकारांत जास्त घासल्याने प्रीटिल्ट उलट कमी होतो.

प्रतिसमांतर सेल नीट आल्यावर ट्विस्टेड नेमॅटिककडे वळावे, ज्यात दोन घासणींमध्ये ९० अंशांचा कोन असतो. काटकोनातल्या ध्रुवकांमध्ये, प्रत्येक ध्रुवक आपल्या बाजूच्या घासणीशी जुळवला असता, हा सेल विद्युतदाबाविना उजळ दिसतो. प्रकाश पूर्णपणे वळण्यासाठी काचांमधले अंतर ठरावीक असावे लागते. ई७ आणि हिरव्या प्रकाशासाठी अशी पहिली जागा सुमारे २ मायक्रोमीटरला येते आणि दुसरी साडेचारच्या थोडी पुढे, त्यामुळे ५ मायक्रोमीटरचे स्पेसर हाताने बांधलेल्या सेलला सोयीचे पडतात. सेलमध्ये डाग दिसून त्यांच्या कडेने स्पष्ट रेषा जात असेल तर काही भाग डावीकडे आणि काही उजवीकडे पिळला गेला आहे. द्रवस्फटिकात ०.१ टक्क्याच्या आसपास कायरल, म्हणजे एकाच बाजूचा पीळ देणारा, पदार्थ मिसळला की पीळ एकाच बाजूचा होतो, मात्र त्या पदार्थाचा पीळ आणि घासणींनी सुचवलेला पीळ एकाच बाजूचा असला पाहिजे.

विद्युतदाब नेहमी १ किलोहर्ट्झच्या चौकोनी लहरीचा द्यावा आणि शून्यापासून हळूहळू ५ व्होल्टपर्यंत न्यावा. बॅटरी थेट जोडू नये. एकदिश दाबाने आयन एका बाजूला साचतात आणि द्रवस्फटिक बिघडत जाते. १ ते १.५ व्होल्टच्या पुढे सेल गडद होऊ लागेल. तो होत असताना काळोख एकसंधपणे पसरतो की तुकड्यातुकड्यांनी, हे डोळे लावून पाहावे: तुकडे दिसले तर प्रीटिल्ट अपुरा आहे, आणि पीव्हीएच्या सेलमध्ये ते दिसणारच. चांगल्या निघालेल्या सेलचे भरण्याचे तोंड द्रवस्फटिकात न मिसळणाऱ्या गोंदाने बंद करावे आणि कापड, ओढींची संख्या, भाजणीचे तापमान व त्या दिवशीची आर्द्रता यांची नोंद सेलच्या डबीवरच चिकटवावी.